ठिणग्या ढीगभर, जाळ शून्य: माझं फेरो रॉडचं एक वर्ष

पहिला फेरो रॉड, म्हणजे घासून ठिणग्या पाडायची धातूची कांडी, हातात आला त्या दिवशी मी त्याच्यावर सोबत आलेली पट्टी चांगली दहा-पंधरा मिनिटं घासत बसले आणि एक ठिणगी पडली असेल तर शप्पथ. व्हिडिओत बघावं तर माणूस एकदा सर्रकन ओढतो आणि ठिणग्यांचा पाऊस पडतो, माझ्याकडे नुसता करकर आवाज आणि काळी झालेली बोटं. धाकटा भाऊ शेजारी बसून बघत होता, शेवटी म्हणाला, "ताई, लायटर देऊ का?" हे वाक्य मी पुढे वर्षभर ऐकलंय, आता तर तो बोलतही नाही, नुसता खिशात हात घालतो.

चूक अगदी साधी होती. नव्या रॉडवर काळा थर असतो, धातू खराब होऊ नये म्हणून दिलेला, आणि तो आधी खरवडून काढायचा असतो. पाकिटावर लिहिलेलंही होतं बहुतेक, पण इतक्या बारीक अक्षरात की वाचायला भिंग लागेल. चाकूच्या पाठीने दाबून दाबून खरवडलं तेव्हा खालचा चंदेरी राखाडी धातू दिसायला लागला आणि मग पुढच्या ओढीला जे काही उडालं ते थेट सतरंजीवर. सहा-सात बारीक भोकं पडली. ती सतरंजी अजून आहे, भोकं पण आहेत, आणि तेव्हापासून रॉड घरात घासायचा नाही असा नियम मला घालून देण्यात आला.

आता ठिणग्या तर मिळाल्या. मला वाटलं झालं, जिंकलो. कापसाचा बोळा घेतला, ठिणग्या पाडल्या, काही नाही. वाळलेलं गवत घेतलं, काही नाही. कागद फाडून घेतला, त्यावर काळे ठिपके पडले आणि विषय संपला. मग मी तेच केलं जे बहुतेक सगळे करतात, म्हणजे दोष रॉडला दिला आणि दुसरा मागवला. मग तिसरा. चूक रॉडमध्ये नव्हतीच हे कळायला मला साधारण चार महिने लागले, म्हणून हे सगळं लिहितेय, कुणाचे तरी दोन महिने वाचले तरी खूप.

आधी ही वस्तू आहे काय ते. मला वाटायचं फेरो रॉड म्हणजे आपली जुनी चकमकच, फक्त नव्या कपड्यात. तसं नाहीये. चकमकीत गारगोटी किंवा तसला टणक दगड पोलादावर झाडतात, दगडाची धार पोलादाचा अगदी बारीक कण तासून काढते आणि तो ताजा गरम कण हवेत जळतो. म्हणजे ठिणगी पोलादाची, दगड नुसता तासणारा. फेरो रॉडमध्ये बरोबर उलटं आहे, ठिणगी रॉडची आणि हातातलं पोलाद नुसतं तासणारं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी अर्ध्या गोष्टी आपोआप कळतात, कारण मग स्ट्रायकरकडून, म्हणजे घासायच्या पट्टीकडून, काय हवंय ते कळतं. तो ठिणगी देत नाही. तो रंध्यासारखं काम करतो.

रॉड असतो फेरोसेरियम नावाच्या मिश्रधातूचा. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख नावाच्या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याचं मूळ मिश्रण साधारण ७० टक्के सेरियम आणि ३० टक्के लोखंड असं होतं, आताच्या रॉडमध्ये सेरियमबरोबर लँथेनम, थोडं निओडिमियम, प्रासिओडिमियम, थोडं मॅग्नेशियम असं बरंच काय काय असतं आणि लोखंड साधारण पाचवा हिस्सा. हाच माणूस गॅसबत्तीच्या मँटलचाही, म्हणजे तापून उजेड देणाऱ्या जाळीचाही जनक, आणि मँटलला लागणारं थोरियम काढून घेतल्यावर जो चोथा उरायचा त्यात सेरियम वगैरे भरलेलं असायचं, त्या चोथ्याचं करायचं काय या खटपटीतून हा धातू निघाला. मला ही गोष्ट फार आवडते. एका दिव्याच्या कचऱ्यातून दुसरी आग.

काम कसं करतो तर सेरियमचा बारीक कण हवेत १५० ते १८० अंश सेल्सियसच्या आसपासच पेट घेतो, तेवढी उष्णता नुसत्या तासण्याच्या घर्षणाने होते. नुसतं सेरियम मऊ असतं, लोखंडामुळे ते कडक आणि ठिसूळ होतं त्यामुळे तासलं की त्याचे कण सुटून उडतात. आणि एकदा पेटला की तो कण ३००० अंशांच्या आसपास जातो. आकडा ऐकून मी आधी घाबरले होते, पण कण इतका लहान असतो की हातावर पडला तर मुंगी चावल्यासारखं होतं आणि संपतं. तापमान खूप, उष्णता जेमतेम. माझा कापूस का पेटत नव्हता त्याचं अर्धं उत्तर इथेच होतं, पण ते मला तेव्हा दिसलं नाही.

पहिला रॉड ६ एमएम जाडीचा होता, किल्लीच्या जुडग्याला लावायचा असतो तसला. दिसायला गोड. त्याची मूठ नुसती गोंदाने चिकटवलेली होती आणि महिन्याभरात एकदा जोरात ओढताना मूठ माझ्या हातात राहिली आणि रॉड गवतात गेला. शोधून काढला, परत चिकटवला, परत निघाला. नंतर तो दगडावर पडून सरळ दोन तुकडे झाला, कारण हा धातू लोखंडासारखा वाकत नाही, खडूसारखा तुटतो. तुकडे मी फेकले नाहीत, तुटलेला रॉडसुद्धा ठिणगी तेवढीच देतो, फक्त धरायला जागा राहत नाही.

दुसरी खरेदी म्हणजे मॅग्नेशियमचा तो चपटा ठोकळा, ज्याच्या एका कडेला बारीक फेरो रॉड चिकटवलेला असतो. कल्पना अशी की मॅग्नेशियमचा कीस काढायचा, छोटा ढीग करायचा आणि त्यावर ठिणगी पाडायची, मॅग्नेशियम पेटलं की ते डोळे दिपतील असं पांढरं जळतं आणि ओलसर काडीसुद्धा पेटवतं. खरंच जळतं, त्यात खोटं काही नाही. पण तो कीस काढताना जी वाट लागते ती कुणी सांगत नाही. चिमूटभर ढिगासाठी हात दुखेपर्यंत खरवडायचं, आणि तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली की सगळा ढीग गायब. एकदा तर वारा नव्हता, मला शिंक आली. शिवाय जळायला सुरुवात झाली की काही सेकंदांत संपतं, तोवर खाली नीट टिंडर, म्हणजे ठिणगी धरणारं कापूस-गवतासारखं काहीतरी, नसेल तर नुसतं फोटो काढल्यासारखा फ्लॅश. (जळत्या मॅग्नेशियमवर पाणी टाकू नका, भडका वाढतो. माती किंवा कोरडी वाळू टाका.) तो ठोकळा आता ड्रॉवरमध्ये आहे, आणि रॉड जिथे चिकटवलाय तिथे पांढरी भुकटी धरलीये.

तिसरा रॉड मात्र चांगला निघाला, १२.७ एमएम म्हणजे अर्धा इंच जाड, हाताच्या पंजाएवढा लांब, मूठ लाकडाची आणि रॉड तिच्यात खोल बसवलेला. लांबीचा फायदा असा की एक ओढ लांब बसते आणि एका ओढीत जास्त कण निघतात, जाडीचा फायदा असा की सगळी ताकद लावली तरी तुटेल ही भीती नाही. पाकिटावर इतक्या हजार वेळा चालतो असा आकडा छापलेला असतो तिकडे मी आता बघतही नाही, कारण ते कशाने घासता आणि किती दाबता यावर आहे. एक गोष्ट मात्र कामाची आहे, ती म्हणजे रॉड मऊ की कडक. मऊ रॉड मोठे जाडे वितळलेले थेंब टाकतो, ते खाली पडूनही क्षणभर जळत राहतात, पण रॉड लवकर झिजतो. कडक रॉडच्या ठिणग्या बारीक, खूप आणि लांब उडणाऱ्या, दिसायला मस्त, रॉड टिकतोही जास्त, पण टिंडर अगदी मनासारखं लागतं. शिकणाऱ्याने मऊ घ्यावा असं माझं मत. दुकानात ठिणग्या बघून भुलायचं तर लांब उडणाऱ्यांना नाही, खाली पडून जळत राहणाऱ्यांना भुला.

एवढं करूनही माझा जाळ काही होत नव्हता. मग एक दिवस वैतागून सोबत आलेली पट्टी टाकून दिली आणि घरातला हॅक्सॉ ब्लेडचा, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याचा, तुटका तुकडा घेतला, दातांची बाजू नाही, पाठीची. आणि काय सांगू. तोच रॉड, तोच हात, तीच मी, पण ठिणग्या नाहीत, थेंब पडले, जमिनीवर टपटप पडून जळत राहिले. मी ओरडलेच. भाऊ धावत आला, त्याला वाटलं भाजलं.

झालं काय होतं तर रॉडबरोबर येतात त्या पट्ट्या बहुतेक वेळा साध्या पत्र्याच्या ठोकून कापलेल्या असतात, कड गोल. गोल कड रॉडवरून घसरते, तासत नाही. हवी असते काटकोनातली, तीक्ष्ण, कोपरा हाताला टोचेल अशी कड, आणि पोलाद रॉडपेक्षा टणक. एवढंच. स्ट्रायकरबद्दल बाकी जे काय विकलं जातं, आकार, शिट्टी, बाटली उघडायची खाच, होकायंत्र (ते तर विसराच, माझं उत्तर दिशा रोज बदलून दाखवायचं), त्याचा आगीशी काही संबंध नाही. कड बघायची. ती तपासायची माझी पद्धत म्हणजे अंगठ्याच्या नखावरून हळूच ओढायची, नखाचा पांढरा बारीक भुगा निघाला तर कड चांगली, नुसती सरकली तर घासायला घ्या. नख नको असेल तर पेन्सिलीच्या लाकडावर ओढा, लाकडाचा कीस निघाला पाहिजे.

हॅक्सॉ ब्लेडवरचा रंग सँडपेपरने काढला, पाठ धारेच्या दगडावर सपाट आणि काटकोनात घासून घेतली, दातांकडच्या बाजूला जाड चिकटपट्टी गुंडाळली कारण पहिल्या दिवशी बोट कापून झालं होतं, आणि एका टोकाला भोक असतंच त्यात दोरी ओवली. हा स्ट्रायकर मी अजून वापरते, विकतच्या कुठल्याही पट्टीपेक्षा तो मला भरवशाचा वाटतो.

चाकूचं सांगायचं तर चाकूच्या पाठीने घासणं सगळ्यात सोयीचं, एक वस्तू कमी. पण सगळ्या चाकूंची पाठ तशी नसते. माझ्याकडे एक चाकू आहे त्याची पाठ हाताला लागू नये म्हणून मुद्दाम गोल केलेली, आणि दुसऱ्यावर काळं कोटिंग, दोन्ही रॉडवर लोण्यासारखे सरकतात. कार्बन स्टील असो की स्टेनलेस, पाठ काटकोनात आणि उघड्या धातूची असेल तर ठिणगी पडते, मी दोन्हींनी काढलीये. दुसऱ्या चाकूची पाठ मी टोकापासून दोन इंच दगडावर घासून चौकोनी केली, आता चालतो. धारेने मात्र कधीच घासू नका, धार जाते ती जातेच वर चाकू सटकला तर मांडीत जातो. हे मी बघून सांगतेय, करून नाही, सुदैवाने. कात्रीची पाठ, फुटलेल्या फरशीची कड, काचेचा तुकडा यांनीही ठिणगी पडते, पण काच हातात धरून जोर लावायचा शहाणपणा कुणी करू नये.

मग हाताची गोष्ट आली. मी काय करायचे तर रॉड स्थिर धरायचे आणि स्ट्रायकर जोरात टिंडरकडे फटकारायचे, आगकाडी ओढतो तसं. दहातल्या सहा वेळा हात पुढे जाऊन टिंडरच्या घरट्यावर आपटायचा आणि मी वीस मिनिटं बसून केलेलं घरटं वाऱ्यावर. उलटं करायचं असतं. रॉडचं टोक टिंडरमध्ये टेकवायचं, खाली जमीन लागेपर्यंत, स्ट्रायकर रॉडवर अंदाजे ४५ अंशात ठेवून मनगट गुडघ्याला किंवा पायाला टेकवून कुलूप लावल्यासारखं घट्ट करायचं, आणि रॉड मागे ओढायचा. स्ट्रायकर जागेवर, रॉड मागे. ठिणग्या जिथे स्ट्रायकर आहे तिथेच पडतात म्हणजे टिंडरवरच, आणि हात मागे जातो म्हणून काही उधळत नाही. हे कळलं त्या दिवशी मला स्वतःचाच राग आला.

वेगाबद्दलही माझा गैरसमज होता. जितकं जोरात तितकं चांगलं असं वाटायचं. खरं म्हणजे दाब महत्त्वाचा. हळू पण भरपूर दाबून ओढलं तर कण मोठे निघतात आणि जास्त वेळ जळतात, भर्रकन ओढलं तर बारीक कण निघतात आणि हवेतच विझतात. मऊ रॉडवर अजून एक करता येतं, अगदी हळू खरवडून न पेटलेला भुगाच टिंडरवर गोळा करायचा, नखभर झाला की मग त्याच्यावर एक कडक ओढ, सगळा भुगा एकदम पेटतो. ओलसर टिंडरला हे फार उपयोगी पडतं. खरवडताना मध्येच पेटतोही, तेव्हा तोंड वाकवून बसू नका, माझ्या भुवईचे थोडे केस त्यात गेलेत.

आणि आता ती मुख्य गोष्ट, जी मला सगळ्यात शेवटी कळली. टिंडर.

कापसाचा बोळा का पेटत नव्हता? कारण मी तो बोळाच ठेवत होते, घट्ट, गोल, जसा पाकिटातून येतो तसा. ठिणगीकडे उष्णता इतकीशी, ती या घट्ट बोळ्यावर पडली की तिची उष्णता पसरते आणि ती मरते. तोच कापूस बोटांनी ओढून विंचरून इतका विरळ करा की पलीकडचं दिसेल, मग एकेक तंतू इतका बारीक की ठिणगीला तो तापवायला वेळच लागत नाही, आणि हवाही मिळते. मी पहिल्यांदा असा विरळ कापूस ठेवला तर दुसऱ्या ओढीला भप्पकन पेटला. चार महिने. चार महिने मी रॉड बदलत होते आणि कापूस विंचरायचं कुणाला सुचलं नाही.

हे मी भावाला दाखवत होते तेव्हा नेमका त्याच्या लायटरमधला गॅस संपलेला होता. मी म्हटलं दे इकडे. लायटरच्या चाकाखाली जो खडा असतो ना तोसुद्धा फेरोसेरियमच, फक्त काडीएवढा बारीक. विरळ कापूस चाकापाशी धरला, अंगठ्याने चाक फिरवलं, तिसऱ्यांदा कापूस पेटला. तो गप्प झाला. म्हणजे आपण ज्याला रिकामा लायटर म्हणून फेकतो तो पण एक छोटा फेरो रॉड असतो, आणि रॉड केवढा आहे यापेक्षा समोर काय ठेवलंय त्यावर सगळं आहे हे मला तिथे पक्कं पटलं.

नुसता कापूस मात्र काही सेकंदांत जळून जातो. त्याला पेट्रोलियम जेली चोळली की कापूस वातीसारखं काम करतो, जेली जळत राहते, माझ्या हातचा सुपारीएवढा गोळा तीन-चार मिनिटं आरामात चालतो. पण इथेही मी शहाणपणा केला, जेली इतकी थापली की गोळा चिकट झाला आणि ठिणगी घेईना. मधे जेली, बाहेर कोरडे तंतू, हे जमलं पाहिजे, किंवा वापरताना गोळा फाडून आतले कोरडे तंतू वर काढायचे. आणि कापूस खराच कापूस हवा, सिंथेटिक असेल तर वितळून काळा गोळा होतो आणि वास सुटतो.

जंगलात मिळणाऱ्या गोष्टींत वाळकं बारीक गवत मला वाटलं होतं तितकं सोपं नाही. गवत दिसतं वाळलेलं पण सकाळी त्यात दमटपणा असतो, आणि काडी जाड असते. ते दोन्ही तळहातांत घेऊन चोळून चोळून पीठ होईल इतकं मऊ करायचं, मग पाखराच्या घरट्यासारखं, मधे सगळ्यात बारीक भुगा आणि बाहेर जाड काड्या. नारळाचा काथ्या आणि तागाची सुतळी उसवून मोकळी केली की दोन्ही छान घेतात. सुतळी मला सगळ्यात आवडते कारण ती दोरी म्हणून सोबत नेता येते आणि वेळेला सरपण होते. राळ असलेलं लाकूड मिळालं तर चाकूच्या पाठीने त्याचा पिठासारखा कीस काढायचा, ढलप्या नाही, पीठ. त्यावर ठिणगी पडली की काळा धूर सोडत तेलासारखं जळतं. फेदर स्टिक म्हणजे काडीला चाकूने पिसासारखे कुरळे छिलके काढून तिच्यावरच राहू द्यायचे, ती थेट ठिणगीने पेटवायला मला अजून दर वेळी जमत नाही, छिलके फार बारीक लागतात. ती मी कापसानंतरची दुसरी पायरी म्हणून वापरते.

पावसात एकदा मुद्दाम प्रयोग केला. म्हणजे मुद्दाम असं म्हणते, खरं तर पाऊस आला आणि पळून जायला उशीर झाला. रॉड पूर्ण भिजलेला, शर्टाला पुसला, पहिल्याच ओढीला ठिणग्या. रॉडला पाण्याचं काहीच वाटत नाही, वाऱ्याचंही नाही, लायटरसारखं थंडीत गॅसचा दाब कमी व्हायची भानगड नाही. पण डबीत ठेवलेला जेलीचा कापूस सोडला तर बाकी सगळं टिंडर ओलं. कापूस लगेच पेटला आणि मग मी काड्या शोधायला लागले. कापूस विझला तोवर माझ्या हातात दोन ओल्या काटक्या. म्हणजे पेटवायच्या आधी सगळं रचून ठेवायचं हे माहीत असूनही. दुसऱ्यांदा आधी उभ्या मेलेल्या फांद्या मोडून आणल्या (जमिनीवर पडलेल्या नाही, त्या पाणी पितात), बाहेरची साल काढली, आतलं कोरडं लाकूड चिरून आगकाडीएवढ्या, मग पेन्सिलीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या अशा तीन जुड्या केल्या, खाली सालीचा तुकडा टाकला म्हणजे ओल्या जमिनीवर कापूस नको, आणि मगच रॉड हातात घेतला. पाऊण तास तयारी, पेटवायला मिनिटभर. लागला जाळ. भाऊ छत्री धरून उभा होता, माझ्यावर नाही, जाळावर.

जिथे पेटवायची परवानगी आहे तिथेच, आजूबाजूचं सुकं गवत साफ करून, पाण्याची बाटली हाताशी ठेवून, आणि निघताना राखेत हात घालून थंड आहे बघून, हे सगळं मी धरूनच चालतेय. ठिणगी कुठे उडून पडली हे बघायची सवय मात्र वेगळी लावावी लागते, त्या सगळ्या टिंडरवरच पडतात असं नाही.

रॉडची काळजी घ्यावी लागते हे मला उशिरा कळलं. दोन महिने ओल्या चामड्याच्या म्यानात ठेवला आणि काढला तर अंगभर राखाडी पांढरी भुकटी आणि खड्डे. पोलादाला गंज चढतो तसा यालाही चढतो, फक्त तांबडा नाही, आणि खाऱ्या पाण्याने तर फार लवकर. भुकटी खरवडली, खालून धातू चांगला निघाला, पण जाडी कमी झाली ती झालीच. आता वापरून झाला की पुसते, तेलाचा हात फिरवते, आणि बरेच दिवस लागणार नसेल तर उघड्या भागाला नेलपॉलिश लावते, लाल रंगाचं, गवतात पडला तर दिसतो म्हणून. पुढच्या वेळी दोन ओढींत निघून जातं. आणि एकाच बाजूने घासते मी, त्याने तिथे सपाट पट्टा तयार झालाय, स्ट्रायकरची कड त्यावर पूर्ण बसते आणि कण जास्त निघतात. फिरवत फिरवत सगळीकडून झिजवा असंही सांगणारे आहेत, मला सपाट बाजू बरी वाटली.

आता सोबत काय नेते तर तो अर्धा इंची रॉड, हॅक्सॉचा तुकडा, जेलीच्या कापसाची छोटी डबी, हातभर सुतळी. आणि लायटर. हो, लायटरही नेते, त्यात लाज कसली.

गेल्या महिन्यापासून खरी चकमक शिकतेय. जुनी झिजलेली कानस मोडून तिचा एक तुकडा घेतला, दात घासून काढले, आणि गारगोटीचे चार-पाच दगड फोडून त्यातला एक धारदार निवडला. सुती कापडाचे तुकडे झाकणाला बारीक भोक पाडलेल्या डब्यात घालून निखाऱ्यावर ठेवले, भोकातून धूर यायचा थांबला की उतरवले, भोक बंद केलं आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडलं नाही, कारण पहिल्यांदा घाईने उघडलं तर सगळं कापड तिथेच धुमसून राख झालं होतं. पोलादाची ठिणगी रॉडच्या ठिणगीसमोर अगदीच बिचारी आहे, लालसर, एकेकटी, कापसाला तर ती पेटवतच नाही, असं जळकं कापडच लागतं. काल संध्याकाळी कापडाच्या कडेवर चार वेळा ठिणगी पडली, दोनदा धरली, एकदा घरट्यात ठेवून फुंकर मारताना मीच जरा जास्त जोरात फुंकलं. हाताच्या बोटांची सालं निघालीत, आज सुट्टी.